अंगठेबहाद्दर

"हलला! अगं, परत हलला अंगठा!" आई ओरडली, आणि लेक हातातली वायर तशीच टाकून पलंगाशी धावली.

काळ्या पडद्यावर अक्षरांच्या ओळी एकामागून एक उजळत होत्या. बाबांचा अंगठा बटणावर पडला, आणि उजळलेली ओळ थांबली. मग त्या ओळीतलं एकेक अक्षर उजळू लागलं. पुन्हा अंगठा पडला. 'त'. पाठोपाठ पडद्यावर शब्द उमटत गेले: 'तू बस गं जरा. किती धावपळ करतेस.'

आई मटकन खुर्चीत बसली. "ऐकलंस? मला बस म्हणाले!" म्हणाली आणि हमसून रडायला लागली. लेकही रडली.

झटका आल्यापासून बाबांचं सारं अंग लाकूड झालं होतं. राहिला होता तो उजवा अंगठा. "तोही आपोआप हलत असेल," डॉक्टर म्हणाले होते. "आत कोणी ऐकतंय असं धरून चालू नका." आईने ते ऐकूनच घेतलं नाही. लेकीने मात्र ऐकलं, आणि त्या दिवसापासून तिला दुसरं काही सुचेना. बाबा आत आहेत की नाहीत?

ती प्रोग्रामर. बाजारातले एडिटर, म्हणजे मजकूर लिहायचे प्रोग्राम, सगळे दहा बोटांच्या मालकांसाठी. मग तिने शून्यापासून स्वतःचा लिहायला घेतला. चित्रं नाहीत, माऊस नाही, नुसती अक्षरं दाखवणारी टर्मिनलची काळी पाटी. बटण एकच, पण त्याच्या तऱ्हा तीन. एका तऱ्हेत ते अक्षर शोधायचं, दुसऱ्या तऱ्हेत लिहायचं, तिसऱ्या तऱ्हेत खोडायचं. जरा वेळ दाबून धरलं की तऱ्हा बदलायची. एडिटरचं नाव तिने ठेवलं 'अंगठेबहाद्दर'. जन्मभर वर्तमानपत्रात उपसंपादकी केलेल्या माणसाच्या नशिबी हे नाव! बाबा हसू शकते तर खो खो हसले असते.

आधी एकेक अक्षर वेचताना बाबांचा घाम निघायचा आणि हाती काहीच लागायचं नाही. म्हणून तिने सुचवणी जोडली. अक्षर आलं की पुढचे शब्द एडिटरनेच सुचवायचे, आणि बाबांनी बटण दाबून 'नको' म्हटलं नाही तर ते तसेच बसवायचे. प्रत्येक 'हो'साठी अंगठा कशाला झिजवा? मौन म्हणजे संमती. सुचवण्याही परक्या नव्हत्या. बाबांचं रविवारचं चुरचुरीत सदर वर्षानुवर्षं चाललं होतं, ते सगळं तिने एडिटरच्या पोटात घातलं होतं.

आणि काय सांगावं, बाबा बोलायला लागले की! घरात 'हं' आणि 'बघू' यापलीकडे न जाणारा माणूस, पण आता आईच्या निळ्या स्वेटरचं कौतुक करू लागला, खिडकीतल्या कबुतरांवर कोट्या करू लागला. आई केस नीट विंचरून पलंगाशी बसायची. "चाळीस वर्षं संसार केला गं," ती म्हणाली, "पण हा माणूस मला आत्ता कुठे भेटला."

डॉक्टर येऊन बघून गेले. त्यांनी चष्मा काढून पुसला. "मी माझे शब्द मागे घेतो," म्हणाले. "हे अजब आहे." लेकीलाही ते अजबच वाटायचं. आपणच रचलेल्या त्या काळ्या पाटीसमोर ती हात जोडल्यासारखी उभी राहायची.

मग एका दुपारी ती औषध घेऊन खोलीत आली. आई हसत होती. पडद्यावर येत होतं: 'तू हसलीस की ही खोली मोठी होते.'

"चला, काहीतरीच तुमचं!" आई लाजून म्हणाली.

लेकीने बाबांकडे पाहिलं. अंगठा बटणाच्या बाजूला कलंडला होता. बाबा चक्क घोरत होते.

पडद्यावर पुढचं वाक्य आलं. मग त्याच्या पुढचं.

नको म्हणायला कोणी जागं नव्हतं, म्हणून एडिटर आपला बसवत सुटला होता. मग आजवरचं सगळं असंच होतं की काय? आई इतके महिने जुन्या कात्रणांशी गप्पा मारत होती, आणि ती फसवणूक आपल्याच हातची?

दुसऱ्या दिवशी सकाळी आई भाजीला गेली. लेकीने सुचवणी बंद केली आणि पलंगाशी बसली.

"बाबा, आता जे येईल ते फक्त तुमचं. आणि काही आलं नाही, तर आई आल्यावर मला तिला खरं सांगावं लागेल."

ओळी उजळत राहिल्या. वरून खाली, पुन्हा वरून खाली. अंगठा हलला नाही. तिचा चहा गार झाला. रडूही येईना. शेवटी ती उठली आणि पडदा बंद करायला तिने हात पुढे केला.

अंगठा पडला. 'छ'.

तिने हात मागे घेतला. अंगठा बटण दाबून राहिला. तऱ्हा बदलली. 'छ' खोडला गेला. मग त्याच्या जागी 'च' आला, मग काना. घामाचा थेंब बाबांच्या कानशिलावरून उशीवर उतरला. तिने तो पुसलाही नाही, पडद्याकडे बघत राहिली. अक्षरामागून अक्षर येत होतं, आणि वाक्य संपल्यावर बाबांनी पूर्णविरामसुद्धा दिला.

जिन्यात आईची पावलं वाजली तेव्हा पडद्यावर लिहिलेलं होतं: 'चालू कर ते. तिच्याशी इतकं गोड मला नाही जमत.'