यकृतावरची चरबी

बाथरूममधला वजनकाटा. पट्ट्याला खिळ्याने पाडलेली चार नवी भोकं. फ्रिजवर चिकटवलेलं इस्पितळाचं पत्र.

परदेशात एकट्याने राहणारा, पन्नाशी उलटलेला तो लिफ्ट-मेकॅनिक हौसेने बारीक होत नव्हता. थोरल्या भावाला यकृताचा तुकडा द्यायचा होता आणि डॉक्टर म्हणाले होते, "चरबी तुमच्याच यकृतावर आहे. आधी चौदा किलो उतरवा."

त्याने भात सोडला, साखर सोडली. दिवसभर लोकांच्या लिफ्ट दुरुस्त करायचा आणि स्वतः जिन्याने उतरायचा. दर रविवारी काट्यावरचा आकडा घरी कळवायचा. पहिल्याच महिन्यात भावाचा आवाज बसला, तेव्हापासून मेसेजच यायचे. "पिंपा, अजून पिंपच आहेस. चालत राहा." मग कधीतरी, "पिंपा, आता जरा माणसात आलास."

पाचव्या महिन्यात यकृत स्वच्छ निघालं. तिकीट काढून त्याने वहिनीला फोन लावला.

"वहिनी, दादाच्या कानाला लावा फोन. म्हणावं, पिंप रिकामं झालं."

वहिनी म्हणाली, "भाऊजी, ते मेसेज मी टाकत होते. यांनी जाताना बजावलं होतं, एवढ्यात त्याला कळवू नकोस, हातातलं सोडून बसेल. निदान तो तरी धडधाकट राहू दे."



दादा गेला त्या दिवसापर्यंत धाकट्याचं वजन फक्त दोन किलोंनी उतरलं होतं.