पेंडीचं सत्त्व

चिकलठाण्याच्या कंपनीत मेघा शेंगदाणा पेंडीतून प्रोटीन काढायची. ती पांढरी भुकटी मुकुंदवाडीला घरी यायची जिमचं खूळ लागलेल्या नवऱ्यासाठी, राजकुमारसाठी, अन् सत्त्व काढून उरलेला चोथा यायचा सासूच्या म्हशीसाठी. आठवडाभरातच म्हशीचं दूध निम्म्यावर आलं.

"सत्त्व सारं राजकुमारला अन् भुस्कट माझ्या म्हशीला व्हय?" गोजरबाई कडाडली.

"आत्याबाई, चोथ्यातबी लई दम असतो. जरा दिवस जाऊ द्या की," मेघानं वेळ मारून नेली.

अन् खरंच की! महिन्याभरात चरवी पुन्हा काठोकाठ भरू लागली. आपली थाप खरी ठरलेली पाहून मेघाच चाट पडली.

तेवढ्यात राजकुमार दंड फुगवत आला. "तुझी भुकटी आताशा खरबरीत लागती, पण बघ, अंग कसं भरलंय!"

मेघानं त्याचा डबा उघडून पाहिला. आत बारीक दळलेला चोथा होता. तिची नजर थेट गोठ्याकडं गेली.

धार काढता काढता गोजरबाई हळूच म्हणाली, "गप ऱ्हा, मेघे. दोघांनाबी मानवलंय."