उजवीकडची ओढ

ऋतुजा चाकूरहून लातूरला क्लाससाठी आली, तेव्हा भूकंपाला पंधरा वर्षं होऊन गेली होती. भंगारवाल्याकडून तिनं गेअरची जुनी सायकल स्वस्तात घेतली. रंग उडालेला, गेअर एकच लागायचा. पण उतारावर ती अशी सुसाट निघायची की ऋतुजा परीक्षा विसरून हसायची.

फक्त औसा रोडवरच्या एका गल्लीपाशी हँडल उजवीकडे ओढ घ्यायचं. रोज, तिथंच.

मिस्त्रीनं तपासलं. "ताई, हँडल सरळ हाय. काहीच बिघाड न्हाई."

एका रविवारी सकाळी ऋतुजानं त्या गल्लीपाशी हात सैल सोडले. सायकल वळली आणि भूकंपात सगळं गमावून आलेल्यांच्या वस्तीत, एका पत्र्याच्या घरासमोर आपसूक थांबली.

अंगणात एक म्हातारी भाकरी थापत होती. मान वर न करताच ती म्हणाली, "आलास व्हय? किती वाट बघितली मी."

"मावशी, मी ऋतुजा. रस्ता चुकले."

म्हातारीनं आधी तिच्याकडं पाहिलं, मग मागच्या रिकाम्या कॅरिअरकडं. तिचा चेहरा मायेनं भरून आला.

"तू बी ये पोरी," दोन ताटं मांडत ती म्हणाली. "माझ्या ह्या लेकाला एकट्याला घास उतरत न्हाई."

ऋतुजाच्या पाठीमागं कॅरिअर किंचित कुरकुरलं, आणि सायकल एकदम हलकी झाली.