ताईचा घाट

"आवाज येणार नाही ना?" धाकट्याने तिसऱ्यांदा विचारलं.

"कान लावलात तरी येणार नाही, साहेब," सायकलवाला म्हणाला. "मोटर दांडीच्या आत आहे. चढ लागला, पायावर जोर आला, की आपली आपण मदत करते. मागून कुणी हलका हात लावल्यासारखी. बाकी दोन्ही सायकली दिसायला जुळ्या."

दुकानाच्या दाराशी दोन हिरव्या सायकली टेकून उभ्या होत्या. एक मोटरची, एक साधी.

"ताईला कळता कामा नये. कळलं तर मला सोलून काढेल."

सायकलवाल्याने फडक्याला हात पुसले आणि मान हलवली.

धाकटा दातांचा डॉक्टर. पन्नाशी उलटली, पोट सुटलं, तरी घरात धाकटाच. ताई शाळेत खेळ शिकवायची. गेल्या वर्षी एका मोटारीने तिला उडवलं आणि गुडघा बदलावा लागला. तेव्हापासून तिची सायकल गॅलरीत धूळ खात होती. मागच्या आठवड्यात चहा पिता पिता ती म्हणाली, "द्राक्षमळ्यांतला तो घाट एकदा चढून बघते. पाय न टेकता वर पोचले तर ठीक. नाहीतर सायकल देऊन टाकायची. विषय संपला."

ताईने संपवलेला विषय पुन्हा काढायची घरात कुणाची छाती नव्हती.

पण ताईबरोबरच्या रविवारच्या सायकलफेऱ्या कायमच्या संपायच्या? त्याला सायकल शिकवली होती तिनेच. सीट धरून, मागे धावत, सगळ्या गल्लीला ऐकू जाईल असं ओरडत. धाकट्याने त्याच संध्याकाळी दुकानात फोन केला.

ताई दुकानात आली तीच हेल्मेटचा पट्टा आवळत. तिने एक सायकल एका हाताने उचलली, खाली ठेवली. मग दुसरी उचलली. धाकटा उगाच चाकातली हवा चाचपू लागला.

"बऱ्या आहेत दोन्ही," ती म्हणाली. "जा, बाटल्या भरून आण."

नळ मागच्या अंगणात होता. तो परतला तेव्हा ताई एका सायकलवर स्वार होऊन तयार होती आणि सायकलवाला दुसरीची सीट धाकट्यासाठी वरखाली करत होता. "मी गाडी घेऊन येतो मागून घाटमाथ्यावर," तो म्हणाला. "काही लागलं सवरलं तर."

"काही लागणार नाही," ताई म्हणाली आणि पायडल मारलं.

काय रस्ता होता! दोन्ही अंगांना टेकड्या, टेकड्यांवर भांग पाडल्यासारख्या द्राक्षांच्या ओळी. तोडणी चालू होती. वायनरीच्या फाटकातून आंबट गोड वास येत होता, आणि रस्त्यावर गर्दी अशी नव्हतीच. धाकट्याला अंगात वारं भरल्यासारखं झालं. छोटे छोटे चढ तो हां हां म्हणता चढत होता. झकपक कपड्यांतल्या दोन तरुण पोरांना त्याने मागे टाकलं, आणि वर हातही केला.

"आज काय खाऊन आलायस?" ताईने मागून विचारलं.

"हवा मानवली!"

खरं तर त्याला स्वतःचंच आश्चर्य वाटत होतं. दवाखान्याच्या खुर्चीत बसून बसून आपण गंजलो नाही तर! ताई मात्र मागे पडत नव्हती. पडेल कशी, तो मनात म्हणाला, मोटर ती मोटर.

घाट सुरू झाला. ताईने मान खाली घातली आणि बोलणं बंद केलं. धाकटा तिच्या शेजारून चालवत होता, तोंडाची टकळी चालू ठेवून. "मस्त, ताई! असंच! ते वळण घेतलं की अर्धा घाट झाला!"

ते वळण घेतलं आणि त्याचे पाय एकाएकी शिशाचे झाले.

असं कसं झालं त्याला कळेना. आत्तापर्यंत पळणारी सायकल जणू कुणी मागून ओढून धरली. वयाने गाठलं शेवटी, दुसरं काय. ताईचं चाक पुढे गेलं, मग पाठ पुढे गेली. थोड्या वेळाने ती त्याला वरच्या वळणावर दिसली, द्राक्षांच्या ओळींपलीकडे. सीटवरून उठून, दात ओठ खात, ती एकेक पायडल दाबत होती.

"थांबू नकोस, ताई!" तो खालून ओरडला. आवाज फाटला त्याचा.

तिने मागे पाहिलं नाही. त्याने एकदा पाय टेकला, मग दुसऱ्यांदा. शेवटच्या वळणावर तो सरळ उतरला आणि सायकल ढकलत निघाला. घामाने डोळे चुरचुरत होते. त्या मोटरला तो मनातल्या मनात शिव्याही देत होता आणि हसतही होता.

माथ्यावर दगडी कठड्याशी ताई उभी होती. तोंड लालबुंद, डोळ्यांत पाणी, आणि हसू काही आवरत नव्हतं.

"टेकला नाही!" तिने त्याच्या पाठीत सणसणीत धपाटा घातला. "एकदाही पाय टेकला नाही मी!"

"गुडघा?"

"कुठला गुडघा?"

तो खो खो हसला. तिने त्याला मिठी मारली आणि लहानपणी मारायची तशी गदागदा हलवलं. पुढच्या रविवारी कुठे जायचं ते तिने तिथेच ठरवून टाकलं. धाकट्याने मनाशी शपथ घेतली. जीव गेला तरी बोलायचं नाही. हा घाट ताईचाच.

एवढ्यात दुकानाची गाडी वर आली. सायकलवाला उतरला. त्याच्या हातात काळी, जाडजूड बॅटरी होती. धाकट्याने डोळे वटारले, मान हलवली, ताईच्या पाठीमागून हातवारे केले. आत्ता नको!

सायकलवाल्याचं लक्षच नव्हतं. तो ताईच्या सायकलला वळसा घालून पुढे आला आणि धाकट्याच्या सायकलशी उकिडवा बसला.

"घाटातच संपली ना, साहेब?" तो म्हणाला. "मी सकाळीच ताईंना म्हटलं होतं, ही तुम्ही भावाला देताय खऱ्या, पण त्यांच्या वजनाला एक बॅटरी पुरायची नाही."