रॉय टिल्डनचा फोटो

"नाही. यातल्या कुणालाच मी ओळखत नाही." फ्राऊ केलर यांनी फोटो टेबलावर उलटा ठेवला.

शशिधरचा चेहरा उतरला. जर्मनीत लुडविग्सहाफेनच्या केमिकल कारखान्यात उमेदीची वर्षं घालवलेल्या या माणसाला एकच नाद होता. अमेरिकेच्या मोठ्या लीगमध्ये एक-दोन सामने खेळून विसरले गेलेले बेसबॉल खेळाडू तो शोधायचा आणि त्यांचे फोटो जमवायचा. रॉय टिल्डनचा फोटो कुणाकडेच नव्हता. दुसऱ्या महायुद्धानंतर रॉय सैनिक म्हणून जवळच्याच मानहाइमला आला, तिथल्या अमेरिकन छावणीच्या टीमकडून खेळला, मायदेशी परतला आणि लगेचच अपघातात गेला. त्या टीमचा हा फोटो शशिधरला जुन्या बाजारात सापडला, पण मागे नावं नव्हती. टीममधला एकच म्हातारा २००५ साली हयात होता आणि त्याची दृष्टी गेली होती. "रॉयची एक मैत्रीण होती. बेकरीवाल्याची आनेलीझ," एवढं मात्र त्याने फोनवर सांगितलं. बेकरी अजून चालू होती. तिथूनच हा पत्ता मिळाला.

"आमच्या घरात अमेरिकनांशी कुणी बोलत नसे," ऐंशीला टेकलेल्या आनेलीझ केलर म्हणाल्या. त्यांनी भिंतीवरच्या तसबिरीकडे बोट दाखवलं. गोल, गुळगुळीत चेहऱ्याचा माणूस. "हे माझे यजमान. रेल्वेत होते. आमच्या उर्सुलाचे वडील."

उर्सुला, त्यांची शाळेत शिकवणारी मुलगी, कॉफी घेऊन आली. तिने फोटो सुलटा करून पाहिला आणि तसाच टेबलावर ठेवला.

शशिधरच्या बायकोने, नीलांबरीने, त्याच्याकडे न बघता मराठीत म्हटलं, "अहो, हिची हनुवटी बघा."

त्याने पाहिलं. हनुवटीच्या मधोमध खोल खळी. डावी भुवई जराशी वर चढलेली. मग त्याने फोटोत पाहिलं. तोच चेहरा तिथे बॅट खांद्यावर टाकून हसत होता.

शशिधरने फोटो हातात घेतला. "विचारतोच मी."

"कुणाला? त्यांना? मुलीच्या देखत?" नीलांबरीचा आवाज घट्ट झाला. "जन्मभर सांभाळलंय त्यांनी हे. चला, निघूया."

फ्राऊ केलर यांना शब्द कळत नव्हते. पण बशीवर त्यांची बोटं आवळली होती आणि नजर शशिधरच्या तोंडावरून हलत नव्हती.

त्याने फोटो पाकिटात घातला. "माफ करा. ती आनेलीझ दुसरी कुणी असणार. माझीच गल्लत झाली."

"केक तरी खाऊन जा," फ्राऊ केलर पुटपुटल्या. त्यांचे डोळे भरून आले होते.

त्यांनी केक खाल्ला. हवापाण्याच्या गप्पा झाल्या. रॉय टिल्डनची जागा आपल्या संग्रहात रिकामीच राहणार, हे शशिधरने मनोमन मान्य करून टाकलं.

उर्सुला गाडीपर्यंत सोडायला आली. घराच्या खिडकीकडे पाठ करून ती उभी राहिली.

"मागच्या रांगेतला, डावीकडून तिसरा," ती हळूच म्हणाली. "त्या फोटोची एक प्रत मला पाठवाल? पण घरी नको, शाळेच्या पत्त्यावर. मला माहीत आहे, हे आईला माहीत नाही."