केरबाचं इंग्रजी

इंग्रजीच्या क्लासात बाईंनी फळ्यावर तीन शब्द लिहिले, डॉन, डेब्रेक आणि सनराइज, अन् साठीच्या केरबा गवळ्याला उभं केलं.

“फरक सांगा, काका.”

कॉलेजची पोरं खुसूखुसू हसली. फजिती झाली तर उद्यापासून क्लास बंद, असं केरबानं ठरवूनच टाकलं.

“म्हशीला पेंड घालायची येळ म्हंजे डॉन. धार काढून किटल्या सायकलला अडकवल्या की डेब्रेक. आन् तुमच्या दारात घंटी वाजवतो तो सनराइज. तवा तुम्ही घोरत असता!”

बाईच आधी खदखदून हसल्या.

दुसऱ्या दिवशी खुशीत सायकल जोरात पळाली. बघतो तर बाई पातेलं घेऊन दारात!

“लवकर आलात काका. अजून डेब्रेकच आहे.”

केरबानं मापाच्या वर थोडं दूध ओतलं.

“तुम्ही उठलाय म्हंजे सनराइजच की, बाई!”