चढावरचं सृष्टिसौंदर्य

"अहाहा, काय ही दरी!"

"आणि तो धबधबा बघा!"

"घार. घारच ना ती?"

"वा! काय हा दगड!"

कवायतीच्या मास्तरांनी निवृत्तीनंतरही एक हट्ट सोडला नव्हता. लेक द्यायची ती दमाच्या माणसालाच. म्हणून त्यांनी गाडी घाटातल्या वळणावर लावली, मायलेकींना आतच बसवलं आणि होऊ घातलेल्या जावयाला घेऊन धबधब्याची पायवाट धरली. पोरगा दिवसभर खुर्चीत बसून काम करणारा. जो आधी खाली बसेल तो हरला, हे दोघांनाही न सांगता कळलं होतं.

पहिल्याच चढाला मास्तरांच्या छातीचा भाता झाला. "थांबा जरा," ते म्हणाले, "ही दरी डोळे भरून पाहून घ्या."

"बघू या काका, सावकाश बघू," पोरगा झाडाला मिठी मारत म्हणाला.

पुढच्या वळणावर पोराला धबधबा आवडला, त्याच्या पुढच्या वळणावर मास्तरांना घार. शेवटी तर पावलापावलाला सृष्टी नवं रूप दाखवू लागली आणि दोघं कमरेवर हात ठेवून तिचं कौतुक करू लागले.

"तुमची नजर बारीक आहे हो," मास्तर धापा टाकत म्हणाले. "आमच्या घरात कुणाला म्हणून निसर्गाचं वेड नाही."

"तुमच्यासारखी सोबत... असली काका... की दिसतं."

मास्तर एका कातळावर टेकले आणि सरकून त्यांनी शेजारी जागा केली. "बसा, जावईबापू."

सकाळी गाडी लावल्यापासून डोंगरावर एवढं धुकं होतं, की आत बसलेल्या मायलेकींना गाडीचं बॉनेटसुद्धा दिसलं नव्हतं.